गणपत सपकाळांचं पळणं

आमचे दाजी गणपत सपकाळ, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कौसल्याआक्काचे यजमान. धड मांडी घालून बसलेलं मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, आणि तो गुडघा सारखा हलता, शिलाई मशीनवर पाय असावा तसा. सिनेमाला नेलं तर मध्यंतराच्या आत दोनदा बाहेर जाऊन यायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातली बादली काढून घ्यायचे आणि स्वतःच वाढत सुटायचे. लोकांना वाटायचं, काय हौशी माणूस आहे! आक्का म्हणायची, "हौस कसली? बसवत नाही म्हणून. ह्यांना कुणीतरी चावी देऊन सोडलंय. ती कधी संपते तेच मी बघतेय."

दाजी जावळीच्या खोऱ्यातले. शाळा डोंगरापलीकडच्या गावात, त्यामुळे लहानपणापासून खिंड चढून जायचं आणि उतरून यायचं. साताऱ्याला एकदा शर्यतीत पळाले, तिथं मुंबईच्या एका गिरणीच्या साहेबाने त्यांना हेरलं. त्या काळी गिरण्यांना आपापले खेळाडू बाळगायची हौस होती. कबड्डीवाले जास्त, पण एखाददुसरा पळणाराही असायचा. दाजींना फोल्डिंग खात्यात लावून घेतलं. तयार कापडाच्या घड्या घालायच्या, शिक्के मारायचे. पगार गिरणीचा आणि अंगावर गिरणीच्या नावाची बनियन. लग्न झालं, लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, कालिंदी झाली.

मी रामू, आक्काचा धाकटा भाऊ. गावाहून आलो तो गिरगावात एका छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला लागलो आणि राहिलो त्यांच्याच खोलीत. रोज उजाडायच्या आत दाजी उठून जायचे. लालबागहून वरळीला, समुद्राच्या कडेने थेट कोळीवाड्याच्या टोकापर्यंत, आणि तसेच परत. तिथं होड्या लागायच्या वेळेला सोनूबाई नावाची एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन उभी असायची. ती रोज ओरडायची, "पल रे पल, पोलीस आयले!" दाजी हात वर करून पुढं जायचे. परत येऊन आंघोळ, दोन भाकऱ्या, आणि सातच्या आत गिरणीत. असा माणूस. सुखी म्हणावा असा.

मग ब्याऐंशीचा जानेवारी आला आणि संप झाला.

पहिले काही आठवडे चाळीत सण असल्यासारखं वातावरण होतं. पुरुषमाणसं दिवसाउजेडी घरात, गॅलरीत पत्ते, सभांना जाणं, घोषणा. सगळे म्हणायचे, फार तर दोन महिने. दाजींना तर वाटलं, बरं झालं, सरावाला वेळच वेळ. ते सकाळी पळायचे आणि संध्याकाळीही पळायचे. एका मोर्चात गडबड झाली, काठ्या पडायला लागल्या. सगळे वाट फुटेल तिकडे धावले. एकटे आमचे दाजी जागेवर उभे राहिले आणि खांद्यावर काठी खाऊन घरी आले. आक्का हळद लावताना म्हणाली, "सगळ्या गिरणगावात पळायचा पगार घेणारे तुम्ही एकटे. आणि तुम्हीच उभे राहिलात?"

"तसं पळायची सवय नाही," ते म्हणाले.

उन्हाळा आला तसे पत्ते संपले. एकेक बिऱ्हाड गावाला जायला लागलं. दाजी गेले नाहीत. कालिंदीची शाळा होती, आणि गावाला त्यांच्या वाट्याला भाताची एक चिमूट पट्टी. माझ्या तुटपुंज्या पगारात आम्ही चौघं. आक्काने भांड्यात पाणी वाढवायला सुरुवात केली. आधी डाळीत, मग चहात.

दाजी पळतच होते.

एका सकाळी ते परत आले, मोरीत तोंड धुतलं आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. आक्काने भाकरी पुढं केली.

"भूक नाही," दाजी म्हणाले. "कालिंदीला दे."

आक्काने ताट खाली ठेवलं नाही. "पळून आलात ना?"

"थोडंसंच."

"काल रात्रीही भूक नव्हती. परवाही नव्हती. मग एवढं पाणी कशाला पिता? पोट भरायला?"

दाजींनी तांब्या पालथा घातला. त्यांच्या गळ्याची हाडं तेव्हा इतकी वर आली होती की बनियनवरचं गिरणीचं नाव सुरकुतलेलं दिसायचं.

"तुम्ही पळता, मग भूक लागते, मग पोरीला पाहिजे म्हणून खात नाही," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "पुण्य तुमच्या पदरात पडतं. आणि मी माझी भाकरी कशी गिळू? तुमच्या हाडांकडे बघत? पळायचं असेल तर खा. खायचं नसेल तर पळू नका. दोन्ही मिळून मला मारू नका."

दाजींनी भाकरी खाल्ली. आणि दुसऱ्या दिवसापासून पळणं बंद केलं.

ते दिवस मला संपापेक्षाही वाईट आठवतात. पळत नव्हते म्हणजे दाजी थांबले होते असं नाही. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. लाकडी फळ्या करकर वाजायच्या. खालच्या मजल्यावरच्या तुळसाबाई मालवणकडच्या. त्या जिन्यात येऊन ओरडायच्या, "ओ सपकाळ, माझ्या डोक्यार घोडो नाचयतास काय?" दाजी लाजून आत यायचे आणि खोलीत फिरायला लागायचे. खोलीत फिरायला जागा ती किती! आक्काला धक्का लागायचा, दूध सांडायचं, कालिंदीच्या वहीवर पाय पडायचा. ते कुणावर ओरडायचे नाहीत, पण भिंतीला हात टेकून असे उभे राहायचे की भिंतच ढकलून द्यायची आहे. संपाबद्दल कुणी काही विचारलं तर "होईल काहीतरी" म्हणायचे. गिरणीचं नाव काढायचे नाहीत.

त्यातून सुटका झाली ती आमच्या छापखान्यामुळे. आमच्याकडे पुस्तकांची, स्मरणिकांची, लग्नपत्रिकांची कामं. छापायच्या आधी प्रुफं गिऱ्हाइकाकडे नेऊन दाखवायची आणि दुरुस्त करून आणायची. ने-आण करणारा माणूस काम सोडून गेला. मी मालकांशी बोललो आणि दाजी त्या कामाला लागले. गिरगाव ते दादर, गिरगाव ते परळ, कधी माहीम. मालक बसचं भाडं द्यायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की दाजी बसने जातच नाहीत. प्रुफांची गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये घालून पाठीला बांधायचे आणि पळत जायचे, पळत यायचे. भाड्याच्या पैशाची केळी, चणे-दाणे व्हायचे. आपल्या वाट्याचं ते खायचे, उरलेलं घरी आणायचे.

आक्काने पुडी हातात घेतली आणि विचारलं, "हे कुठून?"

"पळण्याचं पळण्याने भागतंय," दाजी म्हणाले. फार दिवसांनी ते हसले तेव्हा.

संप कुणी मागे घेतला नाही आणि संपलाही नाही. हळूहळू लोक त्याविषयी भूतकाळात बोलायला लागले, एवढंच. दाजींची गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, पण त्यांना आत घेतलं नाही. खेळाडू वगैरे तर कुणाला आठवतच नव्हते. शिवडीच्या एका गोदामावर त्यांना रखवालदाराची नोकरी लागली, दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत. सकाळी छापखान्याची प्रुफं. आणि आक्काने घरात खाणावळ सुरू केली. गावाकडची एकटीदुकटी माणसं जेवायला यायची, काहींचे डबे जायचे. ती पहाटे चारला उठायची. मग दाजींनाही उठावं लागायचंच. नळ तळमजल्यावर, आणि खाणावळीला पाणी लागतं भरपूर.

असं चाललं असताना पंच्याऐंशी साली दाजी दादरला हेमचंद्र प्रधानांकडे प्रुफं घेऊन गेले. प्रधान बँकेत नोकरीला, चाळिशीचे, चष्मा, अंगाने सडपातळ. रविवारी गडकिल्ले हिंडणाऱ्यांचं त्यांचं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाची स्मरणिका आमच्याकडे छापायला आली होती. दारात घामाने निथळणारा माणूस पाहून प्रधान म्हणाले, "अहो, लिफ्ट बंद आहे का?"

"नाही. गिरगावातून आलो."

"बस मिळाली नाही?"

"पळत आलो," दाजी म्हणाले आणि पाठीवरची गुंडाळी सोडायला लागले.

प्रधानांनी प्रुफं बाजूला ठेवली. त्यांच्या पत्नी मृणालिनीबाईंनी पाणी आणलं, मग सरबत आणलं, मग पोहे. तासाभराने दाजी निघाले तेव्हा त्यांना एक गोष्ट कळली होती. येत्या डिसेंबरात हे मंडळ माळशेजच्या बाजूला डोंगरातली शर्यत घेणार होतं. पायथ्याच्या गावातून निघायचं, एका नाळेने, म्हणजे डोंगराच्या घळीतून, घाटमाथ्यावर चढायचं, माथ्याच्या कडेकडेने लांबवर जायचं, दुसऱ्या वाटेने उतरून पुन्हा गावात यायचं. सगळं एका दिवसात. प्रधान स्वतःही पळणार होते आणि त्यांना सरावाला जोडीदार हवा होता.

दाजी घरी आले ते जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत. आक्का भाजी चिरत होती.

"डोंगरात शर्यत आहे," ते म्हणाले.

"डोंगरात? तिथं कोण बघायला येणार?"

"कुणी नाही."

"मग बक्षीस?"

"माहीत नाही. विचारलं नाही."

आक्का हसली. "पाणी भरून जा म्हणजे झालं. नळ सोडून पळालात तर बघा."

तेव्हापासून आमच्या घराचं घड्याळ त्या शर्यतीवर लागलं. मुंबईत डोंगर आणायचा कुठून? दाजींनी चाळीचा जिनाच धरला. दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेऊन वर यायचं आणि रिकाम्या घेऊन धावत उतरायचं. आमचं पाणी झालं की तुळसाबाईंचं, मग कडेच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचं. तुळसाबाईंची घोड्याची तक्रार आपोआप बंद झाली. प्रुफं पोहोचवून येताना चौपाटीवरून मलबार हिलची चढण चढून उतरायची. आणि रविवारी सकाळी प्रधान दादरहून, दाजी लालबागहून, दोघं अँटॉप हिलला भेटायचे. सरकारी वसाहतीच्या मागचा तो उतार ते इतक्या वेळा चढायचे-उतरायचे की गॅलरीत दात घासणारी माणसं आत जाऊन बायकांना बोलवून आणायची. प्रधान "सपकाळ, पुरे!" म्हणून खाली बसायचे. दाजींचं "आणखी एकदाच" असायचं. ते एकदाच कधी एकदाच नसायचं.

त्या "एकदाच"पायी एका रविवारी वाईट झालं. कालिंदीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, तिचा कोळीनाच होता. दाजी सकाळी अँटॉप हिलला गेले ते वेळेचं भान विसरले. शाळेत पोहोचले तेव्हा पडदा पडला होता. कालिंदी डोक्यावरची कागदी टोपली हातात घेऊन दारात उभी होती. ती रडली नाही. "बाबा, तुमचा पाय दुखतोय का?" एवढंच तिने विचारलं, कारण तिला वाटलं, तसं काही झाल्याशिवाय बाबा यायचे राहणार नाहीत. घरी येईपर्यंत दाजींनी तिला खांद्यावर घेतलं. नऊ वर्षांची घोडी ती, पण उतरूच दिलं नाही. त्या दिवशी आक्का जेवायला वाढताना ताटात भात आपटत होती.

पहिल्या वर्षी दाजी हरले. मी बरोबर गेलो होतो. सुरुवातीलाच सगळ्यांना मागे टाकून सुटले, नाळ चढून घाटमाथ्यावर पहिले पोहोचले, आणि उतरताना पोटऱ्यांत गोळे आले. एका दगडावर बसून राहिले आणि लोक पुढं जाताना बघत राहिले. प्रधानसुद्धा पुढं गेले. घरी येताना एसटीत ते म्हणाले, "रामू, मी फक्त चढायला शिकलो. उतरण कुणी शिकवलीच नाही." मग वर्षभर ते जिने उतरण्याचाच सराव करत राहिले, गुडघे किंचित वाकवून, पाय हलके टाकत. गूळ-दाण्यांची पुडी कमरेला बांधून पळता-पळता खायला शिकले. दुसऱ्या वर्षी दुसरे आले. लोकांनी खांद्यावर घेतलं तर म्हणाले, "सोडा, मला घरी जायचंय, उद्या पाणी भरायचंय."

तिसऱ्या वर्षी आक्का म्हणाली, "मीपण येणार."

आम्ही सगळेच चकित झालो. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला पळताना एकदाही पाहिलं नव्हतं. गिरणीच्या शर्यतींना बायका जात नसत, आणि वरळीला जाऊन बघायला तिला सवड कुठली! खाणावळ एक दिवस बंद ठेवली. कालिंदी, आक्का आणि मी गावाच्या वरच्या अंगाला, उतरणीची वाट वळते तिथं जाऊन बसलो. गावातल्या बायकाही शेंगा सोलत बसल्या होत्या.

दुपार कलायला लागली तेव्हा वर कुणीतरी ओरडलं. कारवीच्या वाळक्या झुडपांतून एक माणूस उतरत येताना दिसला. दाजी होते. एकटे. मागं बऱ्याच अंतरावर दुसरा. कालिंदी "बाबा! बाबा!" करत नाचायला लागली. दाजी आमच्या समोरून, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावरून गेले. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय दगडांवर पडत होते की नाही कळत नव्हतं, आणि चेहरा असा होता, कसं सांगू, गाढ झोपलेल्या मुलासारखा. कुठं एक आठी नाही.

ते पहिले आले. गावच्या सरपंचांनी नारळ दिला, मंडळाने ढाल दिली. प्रधानांनी भाषण केलं. आक्काने नारळ पिशवीत टाकला. परतीच्या प्रवासात ती खिडकीबाहेर बघत राहिली. दाजी विचारत होते, "बघितलंस ना? वळणावर होतात ना तुम्ही?" तर ती "हूं" म्हणाली.

चार-पाच दिवस घरात तसंच. शेवटी एका दुपारी ती चपात्या लाटत होती आणि मी डबे भरत होतो. दाजी गॅलरीत दाराला पाठ टेकून होते. आक्काने लाटणं थांबवलं.

"रामू, तू ह्यांचं तोंड बघितलंस त्या दिवशी?"

"बघितलं."

"तसं तोंड मी लग्नातसुद्धा बघितलं नाही. कालिंदी झाली तेव्हा नाही. पगार व्हायचा तेव्हा नाही. मला वाटायचं, ह्या माणसाला सुख म्हणून ठाऊकच नाही, स्वभावच तसा. तर आहे की! डोंगरात आहे. आमच्या वाट्याला नुसती तगमग." तिने पिठाचा हात कपाळाला पुसला. "दुसरी बाई असती तर जाऊन झिंज्या धरल्या असत्या. आता कुणाशी भांडू? डोंगराशी?"

मी डब्याचं झाकण लावलं. गॅलरीतली सावली हलली नाही, म्हणजे दाजींनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पळायला गेले नाहीत. पाणी भरलं आणि आक्काच्या शेजारी येऊन चपात्या लाटायला बसले. नकाशे लाटले सगळे. गुडघा हलत होता, त्याने पोळपाट हलत होता.

"उठा," आक्का म्हणाली. "पीठ वाया घालवू नका. जा पळायला."

"नाही जात."

"मग गुडघा थांबवा."

दाजींनी गुडघ्यावर हात दाबून धरला. दोघंही हसली नाहीत. पण त्या दिवसापासून सकाळचा एक तास ते तिच्याबरोबर बसायला लागले. त्याने सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. पळणं कमी झालं नाही आणि आक्काचं मनही लगेच निवळलं नाही. कुणाच्या लग्नाला जायचं ठरलं की ती आधी विचारायची, "त्या दिवशी डोंगर आहे का?" आणि दाजी चोरासारखे बघायचे.

नव्वद साली आक्काचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. परळच्या इस्पितळात बरेच दिवस राहावं लागलं आणि घरी आल्यावरही उठायची मनाई. शर्यत दोन महिन्यांवर होती. प्रधान इस्पितळात भेटायला आले आणि शर्यतीचा विषय काढायचा की नाही अशा विचारात घुटमळले. दाजींनीच सांगितलं, "ह्या वर्षी मी नाही. खाणावळ बंद पडली तर माणसं दुसरीकडे जातील. ती परत येत नाहीत."

खाणावळ त्यांनी चालवली. डाळ करपली, भात गिचका झाला, दोघं जेवणारे सोडून गेले, बाकीच्यांनी दया म्हणून खाल्लं. गोदामाची नोकरी तशीच चालू. मी प्रुफं पोहोचवायला लागलो, अर्थात बसने. महिन्याभरात आमटी जमली. एकदा माझ्याजवळ म्हणाले, "रामू, ही बाई दिवसाला किती चालते, तुला ठाऊक आहे? ह्या एवढ्याशा खोलीत? मला रात्री पोटऱ्या दाबाव्या लागतात."

डॉक्टरांनी आक्काला थोडं थोडं चालायला सांगितलं. दाजी तिला घेऊन निघायचे, आधी गॅलरीत, मग जिना उतरून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत. ते बघणं म्हणजे गंमत होती आणि जीवही तुटायचा. त्यांचे पाय आपोआप चार पावलं पुढं जायचे, मग लक्षात यायचं, मग मागे यायचे. आक्का कठड्याला धरून उभी असायची. "जा तुम्ही, मी येते मागून," ती म्हणायची. एकदा मी वरून पाहिलं, त्यांनी तिच्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं, पुढं गेलो तर ओढ बसावी म्हणून. रस्त्यावरची पोरं हसत होती. आक्का लाजून लाल झाली होती, पण पदर सोडवून घेतला नाही.

पुढच्या वर्षी ते पुन्हा शर्यतीला गेले आणि नंतरही जात राहिले. कधी तिसरे, कधी नववे. तरुण मुलं यायला लागली, चांगले बूट घालून. दाजी पन्नाशीला टेकले आणि एका उतरणीवर डावा गुडघा फिरला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून सांगितलं की आतली गादी झिजली आहे, चालायला हरकत नाही, पळणं विसरा. त्या दिवशी आम्ही सगळे घाबरलो. कालिंदीचं तोवर लग्न झालेलं, ती सासरहून धावत आली. आक्का मला जिन्यात नेऊन म्हणाली, "रामू, आता हा माणूस खोली फोडणार."

खोली फोडली नाही, पण आम्हाला फोडून काढलं. नळाचं वायसर बदल, तुळसाबाईंच्या सुनेचा स्टोव्ह दुरुस्त कर, चाळीच्या गणपतीचा मांडव सहा महिने आधी मोजून ठेव. एकदा सकाळी वरळीला चालत गेले आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. मी शोधत गेलो तर कोळीवाड्यात एका होडीला डांबर लावत होते. होडी कुणाची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी प्रधान घरी आले. ते निवृत्त झाले होते, केस पांढरे. शर्यत आता मोठी झाली होती, शंभरावर माणसं पळायची. ते म्हणाले, "गणपतराव, मला सगळ्यात शेवटी चालणारा माणूस हवाय. शेवटचा स्पर्धक जो असेल, त्याच्या मागे. कुणी वाट चुकलं, कुणी पडलं, कुणी बसून राहिलं, तर त्याला घेऊन यायचं. पळायचं नाही."

"शेवटी?" दाजी म्हणाले.

"सगळ्यात शेवटी."

दाजी गुडघ्यावर हात फिरवत राहिले. आक्कानेच उत्तर दिलं, "जातील. आणि ह्या खेपेला मीपण जाते. हे शेवटचे येणार म्हणजे यायला उशीर, जेवणाचं बघायला कुणीतरी हवं."

तेव्हापासून दरवर्षी ती दोघं जातात. गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो, मीही होतो. वरळीच्या एका ऑफिसात काम करणारी एक बाई होती, चाळिशीची. दोन मुलं सांभाळून, पहाटे उठून, समुद्राच्या कडेने सराव केलेली. तिच्या टाचा फोडांनी सोलल्या होत्या. घाटमाथ्यावरून उतरताना ती वाटेतच बसली. वेळेची मर्यादा उलटून गेली होती. हे मला दाजींनी मागाहून सांगितलं.

ती म्हणाली, "काका, तुम्ही जा पुढे. मी येईन."

"मी पुढं गेलो तर शेवटचा कोण राहणार? माझं कामच ते आहे."

"पण वेळ संपली ना?"

"संपली."

"मग आता काय उपयोग?"

"उपयोग नाही काही," दाजी म्हणाले. "पण गाव खाली आहे. उतरावं तर लागेलच."

ती रडली, मग थोडी हसली, मग उठली. दाजी तिच्या मागे चार पावलं राहून चालत आले, सगळी उतरण.

खाली गावात मांडव सोडून झाला होता, खुर्च्या टेम्पोत चढल्या होत्या. देवळाच्या ओट्यावर आक्का डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि मला दर दहा मिनिटांनी "दिसतात का बघ" म्हणत होती. ती दोघं दिसली तसं तिने आधी नवऱ्याला झापलं, "किती हा उशीर! जीव टांगणीला!" मग त्या बाईचा हात धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि तिच्या पायांकडे बघून हळहळली.

"घरी मुलांना कोण बघतं?" आक्काने विचारलं.

"सासूबाई. आणि हे."

"निघताना काय म्हणाले?"

"काही नाही. कधी येतेस, एवढंच."

आक्काने डब्याचं झाकण उघडलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. "मग आधी फोन कर. जेवण नंतर. आलेय, नीट आहे म्हणून सांग. आणि आवाज हसरा ठेव, डोंगरातलं थोडं सुख त्यांनाही मिळू दे."

ती बाई फोन लावत होती तेवढ्यात मी पाहिलं, दाजी पुन्हा चढणीच्या वाटेला लागले होते. झाडांना बांधलेल्या खुणेच्या फिती सोडवायच्या राहिल्या होत्या.

"अहो, उद्या सोडवतील पोरं!" आक्का ओरडली.

"उजेड आहे अजून," दाजी तिकडूनच म्हणाले आणि लंगडत, भराभर वर निघाले.